कंपायलरचे इष्टतमीकरण स्तर

कंपायलरचे इष्टतमीकरण स्तर म्हणजे आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करताना कंपायलरने तिच्यात किती व कोणत्या सुधारणा कराव्यात हे सांगणारे ठरावीक पर्याय होत. 'इष्टतमीकरण' हा 'ऑप्टिमायझेशन' या संज्ञेचा मराठी प्रतिशब्द आहे. सुधारणेनंतर आज्ञावलीचे बाह्य वर्तन तेच राहावे, मात्र ती अधिक वेगाने चालावी, कमी जागा व्यापावी किंवा कमी वीज वापरावी, हा या प्रक्रियेचा हेतू असतो. हे सर्व हेतू एकाच वेळी साध्य होतातच असे नाही. वेग वाढवणाऱ्या अनेक सुधारणांमुळे यंत्रभाषेतील कोडचा आकार वाढतो, तर आकार घटवणाऱ्या काही सुधारणांमुळे वेग मंदावतो. त्यामुळे स्तराची निवड ही 'चांगले' आणि 'अधिक चांगले' यांतील निवड नसते. दिलेल्या यंत्रात जागा, वेळ व खात्री यांपैकी कोणती गोष्ट सर्वांत दुर्मीळ आहे, या प्रश्नाचे ते उत्तर असते.

भरपूर मेमरी असलेल्या घरगुती संगणकावर हा प्रश्न सहसा जाणवत नाही. वाहनांतील लहान नियंत्रकांमध्ये मात्र तो ठळकपणे पुढे येतो. पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यात दुचाकी, मोटारी व मालवाहू वाहनांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होते आणि अशा वाहनांतील इंजिन, ब्रेक व मीटर यांचे काम आज्ञावलींवर चालते. या लेखात स्तरांचे परिणाम प्रामुख्याने वाहन नियंत्रकांच्या उदाहरणांनी स्पष्ट केले आहेत.

स्वरूप

कंपायलरचे काम ढोबळमानाने तीन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात सी, सी प्लस प्लस, फोर्ट्रान यांसारख्या भाषेतील मजकूर वाचून त्याचे व्याकरण तपासले जाते व त्यापासून एक मध्यवर्ती रूप तयार केले जाते. दुसऱ्या टप्प्यात या रूपावर इष्टतमीकरण केले जाते. तिसऱ्या टप्प्यात त्याचे विशिष्ट प्रोसेसरच्या आज्ञांमध्ये रूपांतर होते व या टप्प्यातही काही सुधारणा केल्या जातात.

एकेक सुधारणा स्वतंत्र असते. ज्याचा निष्कर्ष कोठेही वापरला जात नाही असे गणित काढून टाकणे, दोनदा केलेले एकच गणित एकदाच करणे, लूपच्या प्रत्येक फेरीत न बदलणारे गणित लूपबाहेर नेणे, छोट्या फंक्शनचा मजकूर ते जेथून बोलावले जाते तेथेच उतरवणे, ही त्यांची प्रमुख उदाहरणे होत. आधुनिक कंपायलरमध्ये अशा शंभराहून अधिक सुधारणा असून त्यांतील बहुतेक स्वतंत्रपणे चालू किंवा बंद करता येतात. प्रत्येक वेळी एवढे पर्याय निवडणे व्यवहार्य नसल्याने त्यांचे गट पाडले गेले. या गटांनाच 'स्तर' म्हणतात. त्यांची नावे 'ऑप्टिमायझेशन' या शब्दाच्या आद्याक्षरावरून 'ओ' या अक्षराने सुरू होतात.

इतिहास

आयबीएम कंपनीत जॉन बॅकस यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला व १९५७ मध्ये ग्राहकांच्या हाती आलेला फोर्ट्रानचा कंपायलर हा आरंभापासूनच इष्टतमीकरण करणारा होता. हाताने लिहिलेल्या यंत्रभाषेच्या तोडीचा कोड मिळाल्याशिवाय प्रोग्रामर ही नवी भाषा स्वीकारणार नाहीत, अशी त्याच्या निर्मात्यांची धारणा होती. पुढे त्याच कंपनीतील फ्रान्सिस ॲलन व जॉन कॉक यांनी अशा सुधारणांची शास्त्रीय मांडणी केली. कॉक यांना १९८७ चा, तर ॲलन यांना २००६ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ॲलन या पुरस्काराच्या पहिल्या महिला मानकरी होत.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेला मुक्त स्रोत कंपायलर जीसीसी आणि इलिनॉय विद्यापीठात ख्रिस लॅटनर यांनी सुरू केलेल्या एलएलव्हीएम प्रकल्पावर आधारलेला क्लँग यांच्यामुळे 'ओ' अक्षराची ही परिभाषा सर्वत्र रूढ झाली.

महाराष्ट्रातील कार्य

या विषयाच्या सैद्धांतिक बाजूत आयआयटी मुंबईचे महत्त्वाचे योगदान आहे. १९७९ मध्ये मोरेल व रेनव्वाज या फ्रेंच संशोधकांनी 'अंशतः पुनरुक्त' गणिते काढून टाकण्याची एक पद्धत मांडली होती. आयआयटी मुंबईतील डी. एम. ढमढेरे यांनी १९९१ च्या शोधनिबंधात या पद्धतीला व्यवहारोपयोगी रूप दिले. एखादे गणित एका वाटेवर आधीच झालेले असते व दुसऱ्या वाटेवर झालेले नसते, अशा वेळी ते केवळ दुसऱ्या वाटेवर घातले की पुढचे सामाईक गणित वगळता येते, हे या पद्धतीचे सूत्र आहे. ढमढेरे यांच्यासह उदय खेडकर यांनी १९९४ मध्ये अशा विश्लेषणांच्या एका वर्गाची सर्वसाधारण उपपत्ती मांडली. खेडकर, अमिताभ सन्याल व बागेश्री करकरे यांचा 'डेटा फ्लो ॲनालिसिस : थिअरी अँड प्रॅक्टिस' हा ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. जीसीसीच्या अंतर्रचनेचा अभ्यास व प्रशिक्षण यांसाठी आयआयटी मुंबईत जीसीसी रिसोर्स सेंटर स्थापन झाले.

व्यावहारिक बाजूचे काम पिंपरी-चिंचवडला लागून असलेल्या हिंजवडीत झाले. तेथे मुख्यालय असलेल्या व त्या काळी केपीआयटी कमिन्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने रेनेसास या जपानी कंपनीच्या एच८, एसएच, आरएक्स आदी सूक्ष्म नियंत्रकांसाठी जीसीसीवर आधारित साधनसंच तयार करून ते विनामूल्य उपलब्ध करून दिले. नॅशनल सेमिकंडक्टरच्या सीआर१६ या प्रोसेसरसाठी जीसीसीत लागणारा भागही याच कंपनीने दिला व तो २०१२ मध्ये मूळ प्रकल्पात समाविष्ट झाला. नव्या प्रोसेसरसाठी असा भाग लिहिताना प्रत्येक आज्ञा किती बाइट व्यापते व तिला किती वेळ लागतो, हे कंपायलरला सांगावे लागते. आकार व वेग यांचा हिशेब कंपायलर याच माहितीवरून मांडतो.

प्रमुख स्तर

जीसीसीमधील प्रमुख स्तर पुढीलप्रमाणे आहेत. क्लँगमध्येही बहुतेक नावे तीच आहेत, मात्र त्या नावांखाली येणाऱ्या सुधारणा तंतोतंत सारख्या नाहीत.

• ओ० : इष्टतमीकरण जवळजवळ नाही. कोणताही स्तर न सांगितल्यास जीसीसी हाच धरतो. प्रत्येक चल मेमरीत ठेवला जातो व मूळ मजकुरातील ओळ आणि यंत्रभाषेतील आज्ञा यांचा थेट मेळ लागतो. दोष शोधण्यास सोयीचा, पण कोड मोठाही असतो व संथही.

• ओ१ : रूपांतराला फार वेळ न लावता होणाऱ्या मूलभूत सुधारणा. ओ० च्या तुलनेत आकार व वेग दोन्ही बाबतींत लाभ होतो.

• ओ२ : आकारात फारशी वाढ न करता वेग वाढवणाऱ्या बहुतेक सर्व सुधारणा. सर्वसाधारण वापरासाठी हाच स्तर प्रचलित आहे.

• ओ३ : ओ२ शिवाय आकाराची फारशी पर्वा न करणाऱ्या सुधारणा, उदा. अधिक आक्रमकपणे फंक्शन जागेवर उतरवणे, फंक्शनच्या खास प्रती तयार करणे, लूपचे विभाजन करणे.

• ओएस : आकारासाठी. ओ२ मधील बहुतेक सुधारणा राहतात. मात्र आकार वाढवणाऱ्या वगळल्या जातात. उदा. फंक्शन व लूप यांचा आरंभ सोयीच्या पत्त्यावर यावा म्हणून मध्ये रिकामी जागा सोडणे.

• ओझेड : वेगाचा विचार मागे ठेवून आकार आणखी घटवणारा स्तर. तो आधी क्लँगमध्ये होता. जीसीसीत २०२२ च्या १२व्या आवृत्तीत आला.

• ओजी : दोष शोधणे सुलभ राहील एवढ्याच सुधारणा करणारा स्तर, २०१३ च्या ४.८ आवृत्तीपासून.

• ओफास्ट : ओ३ शिवाय भाषेच्या प्रमाणित नियमांना मुरड घालणाऱ्या सुधारणा, विशेषतः अपूर्णांकांच्या गणितात.

वाहन उद्योगात वापरल्या जाणाऱ्या व्यावसायिक कंपायलरांची परिभाषा थोडी निराळी असते. आयएआरच्या कंपायलरमध्ये सर्वोच्च पातळीवर 'समतोल', 'आकार' व 'वेग' असे उपपर्याय निवडता येतात. आर्मच्या जुन्या कंपायलरमध्ये अंक व उद्देश हे वेगवेगळे सांगावे लागत. किती सुधारणा करायची आणि कशासाठी करायची हे दोन भिन्न प्रश्न आहेत, हे या रचनेतून अधिक स्पष्ट होते.

आकार व वेग यांतील तडजोड

फंक्शन जागेवर उतरवणे : एखाद्या फंक्शनचा कोड ४० बाइटांचा आहे, ते २० ठिकाणांहून बोलावले जाते आणि प्रत्येक बोलावण्यास ४ बाइट लागतात असे समजू. फंक्शन वेगळे ठेवल्यास एकूण १२० बाइट लागतील. प्रत्येक ठिकाणी उतरवल्यास ८००. त्या बदल्यात प्रत्येक वेळी तेथे जाण्याचा व परतण्याचा वेळ वाचतो. मात्र फंक्शन एकाच ठिकाणाहून बोलावले जात असेल, तर ते उतरवल्याने जागा व वेळ दोन्हींची बचत होते. त्यामुळे ही सुधारणा आकारासाठी सरसकट वर्ज्य नाही.

लूप उलगडणे : आठ मापांची बेरीज करणाऱ्या लूपमध्ये प्रत्येक फेरीला माप वाचणे, मिळवणे, मोजणी कमी करणे व मागे उडी घेणे अशा चार आज्ञा आहेत असे धरू. प्रत्येक आज्ञा २ बाइटांची असल्यास लूपला ८ बाइट पुरतात, पण प्रोसेसर एकूण ३२ आज्ञा चालवतो. लूप पूर्ण उलगडल्यास मोजणी व उडी यांची गरज उरत नाही. १६ आज्ञांत काम होते, पण जागा ३२ बाइट लागते. वेळ निम्मा झाला आणि जागा चौपट झाली.

सामाईक गणित वर आणणे : 'जर' व 'नाहीतर' या दोन्ही वाटांवर एकच गणित असेल, तर ते वाटा फुटण्यापूर्वी एकदाच लिहिता येते. यात वेळ तोच राहतो व जागा वाचते. अंशतः पुनरुक्त गणित काढताना याच्या उलट होऊ शकते. ते गणित अनेक वाटांवर घालावे लागल्यास वेळ वाचतो, पण जागा वाढते.

मोठा कोड नेहमी वेगवान असतो असेही नाही. प्रोसेसरच्या मानाने फ्लॅश मेमरी संथ असते, म्हणून नुकत्याच लागलेल्या आज्ञा कॅश नावाच्या छोट्या, जलद साठ्यात ठेवल्या जातात. उलगडलेला लूप या साठ्यात मावेनासा झाला, तर आज्ञा पुन्हापुन्हा फ्लॅशमधून आणाव्या लागतात व झालेला लाभ खर्ची पडतो. अशा वेळी ओएस स्तरावरील कोड ओ३ पेक्षा वेगवान ठरू शकतो. म्हणून स्तराचा निर्णय नावावरून न करता प्रत्यक्ष यंत्रावर मोजून करणे आवश्यक मानले जाते.

वाहन नियंत्रकांतील उपयोग

पिंपरीत टाटा मोटर्सचा, आकुर्डी व चाकण येथे बजाज ऑटोचा, तर चाकण परिसरात महिंद्र, फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचा कारखाना आहे. या वाहनांना लागणारे सुटे भाग पुरवणारे असंख्य लहानमोठे उद्योग भोसरीपासून चाकणपर्यंत पसरले आहेत. गेल्या काही वर्षांतील नियमांमुळे वाहनांतील इलेक्ट्रॉनिक नियंत्रण एककांचे, म्हणजे ईसीयूंचे, महत्त्व वाढले. १२५ घन सेंटिमीटरहून अधिक क्षमतेच्या दुचाकींना एबीएस ब्रेक बंधनकारक झाले. नव्या मॉडेलांसाठी १ एप्रिल २०१८ पासून व सर्व दुचाकींसाठी १ एप्रिल २०१९ पासून. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ प्रदूषण मानके लागू झाली आणि बहुतेक दुचाकींतील कार्ब्युरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. पूर्वी जे काम जेट व स्प्रिंग करत असत, ते यापुढे आज्ञावली करू लागली.

अशा नियंत्रकात वेळेची मर्यादा इंजिन ठरवते. मिनिटाला ९,००० फेरे घेणारे इंजिन सेकंदाला १५० फेरे घेते. एका फेऱ्यास सुमारे ६.६७ मिलिसेकंद व एका अंशास सुमारे १८.५ मायक्रोसेकंद लागतात. ४० मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला एवढ्या वेळात सुमारे ७४० घटीस्पंद मिळतात. ठिणगी नेमक्या अंशावर पडायची असेल, तर त्यासाठीचे तातडीचे गणित या हिशेबात बसले पाहिजे. येथे सरासरी वेगाला फारसा अर्थ नसतो. सर्वांत प्रतिकूल परिस्थितीतही गणित वेळेत पुरे होणे महत्त्वाचे असते. वेळेत पुरे होणारे गणित त्याहून लवकर पुरे झाल्याने इंजिनाला विशेष लाभ होत नाही. उशिरा पुरे झालेले मात्र निरुपयोगी ठरते.

जागेची मर्यादा खरेदीच्या वेळी ठरते. सूक्ष्म नियंत्रकातील फ्लॅश मेमरी चिपमध्येच असते व नंतर वाढवता येत नाही. अधिक मेमरीची चिप घेतल्याने एका वाहनामागे उदाहरणादाखल २० रुपये वाढले, तर दहा लाख वाहनांमागे ते दोन कोटी रुपये होतात. त्यामुळे कोड ओएस स्तरावर रूपांतरित करून लहान चिपमध्ये बसवण्याकडे कल असतो. तथापि वाहन दहा-पंधरा वर्षे रस्त्यावर राहते व पुढील काळात दोषनिवारणासाठी त्याच चिपमध्ये सुधारित आज्ञावली भरावी लागू शकते. मेमरी पहिल्याच दिवशी काठोकाठ भरल्यास ही वाट बंद होते.

मिश्र पद्धत

संपूर्ण आज्ञावलीला एकच स्तर लावणे बंधनकारक नसते. बहुतेक आज्ञावलींत चालण्याचा बराचसा वेळ कोडच्या छोट्या भागात खर्च होतो. म्हणून ठिणगी, इंधन किंवा ब्रेकचा दाब यांचे तातडीचे गणित करणाऱ्या फाइली ओ२ किंवा ओ३ स्तरावर आणि स्वयंनिदान, मीटरवरील संदेश, संपर्क व आरंभीची मांडणी करणाऱ्या फाइली ओएस स्तरावर रूपांतरित करता येतात. जीसीसीत एकेका फंक्शनलाही वेगळा स्तर देण्याची सोय आहे, मात्र ती प्रामुख्याने दोष शोधण्यासाठी असून अंतिम उत्पादनात तिचा वापर टाळावा असे तिच्या अधिकृत माहितीपत्रकात म्हटले आहे.

याशिवाय प्रत्येक फंक्शन वेगळ्या कप्प्यात ठेवून जोडणीच्या वेळी न वापरलेले कप्पे काढून टाकणे आणि सर्व फाइलींचा एकत्र विचार करून जोडणीच्या वेळी इष्टतमीकरण करणे, हेही प्रचलित उपाय आहेत. यांतील दुसरी सोय जीसीसीत २०१० च्या ४.५ आवृत्तीपासून आहे.

धोके

स्तर बदलल्यावर आज्ञावलीचे वर्तन बदलत असेल, तर दोष बहुधा मूळ मजकुरात दडलेला असतो व इष्टतमीकरणामुळे तो उघड होतो. याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे वाट पाहणारा लूप. चाकाच्या वेगाचा संकेत आला की व्यत्यय-फंक्शन एका चलाची किंमत बदलते आणि मुख्य आज्ञावली ती बदलण्याची वाट पाहत थांबते, अशी रचना असू शकते. ओ० स्तरावर प्रत्येक फेरीत चल मेमरीतून वाचला जात असल्याने ही रचना चालते. ओ२ स्तरावर कंपायलर पाहतो की लूपच्या आत चलाची किंमत कोणीच बदलत नाही. तो ती एकदाच वाचतो आणि लूप कधीच संपत नाही. सी भाषेत असा चल 'व्होलाटाइल' म्हणून घोषित करावा लागतो. तसे केल्यास कंपायलर त्याचे प्रत्येक वाचन जसेच्या तसे ठेवतो. केवळ वेळ घालवण्यासाठी लिहिलेले रिकामे लूपही याच कारणाने नाहीसे होऊ शकतात.

दुसरे उदाहरण चिन्हांकित पूर्णांकांचे आहे. अशा संख्येची मर्यादा ओलांडल्यास काय व्हावे हे सी भाषेचे प्रमाण सांगत नाही. त्यामुळे 'एक मिळवल्यावर संख्या लहान झाली का' अशी सुरक्षेसाठी लिहिलेली चाचणी कधीच खरी ठरणार नाही, असे गृहीत धरून कंपायलर ती काढून टाकू शकतो. ओफास्ट स्तरावर 'संख्या नसलेली किंमत' कधीच येणार नाही असे गृहीत धरले जात असल्याने बिघडलेला सेन्सर ओळखण्यासाठी लिहिलेली तशी तपासणीही निकामी होऊ शकते.

क्वचित दोष कंपायलरचाच असतो. युटा विद्यापीठातील संशोधकांनी यादृच्छिक आज्ञावली तयार करणाऱ्या सीस्मिथ या साधनाच्या साहाय्याने विविध सी कंपायलरांत ३२५ हून अधिक अज्ञात दोष शोधल्याचे २०११ मध्ये जाहीर केले. गणिती सिद्धतेसह लिहिलेल्या फ्रान्समधील कॉम्पसर्ट या कंपायलरच्या सिद्ध केलेल्या इष्टतमीकरण भागात मात्र त्यांना चुकीचा कोड निर्माण करणारा दोष आढळला नाही.

या कारणांमुळे ज्या स्तरावर चाचण्या झाल्या त्याच स्तरावरील कोड वाहनात भरणे हा सुरक्षिततेचा महत्त्वाचा नियम ठरतो. ओ० स्तरावर तपासलेली व वितरणापूर्वी ओएस स्तरावर रूपांतरित केलेली आज्ञावली ही यंत्राच्या दृष्टीने न तपासलेली आज्ञावली असते. कंपायलरची आवृत्ती बदलणे हेही स्तर बदलण्यासारखेच आहे, उदा. जीसीसीच्या १२व्या आवृत्तीत ओ२ स्तरावरच सदिशीकरण सुरू करण्यात आले. रस्त्यावरील वाहनांच्या कार्यात्मक सुरक्षेचे आयएसओ २६२६२ हे प्रमाण २०११ मध्ये आले व २०१८ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्यात मोटारसायकलींचा समावेश झाला. कंपायलरसारख्या साधनांवर किती विश्वास ठेवावा हे ठरवण्याची पद्धत या प्रमाणात दिलेली आहे.

सैद्धांतिक मर्यादा

'इष्टतम' या शब्दावरून सर्वोत्तम कोड मिळतो असा समज होऊ शकतो. पण प्रत्येक आज्ञावलीचे सर्वांत लहान रूप शोधणारा कंपायलर अस्तित्वात असू शकत नाही. काहीही न करता कधीच न थांबणाऱ्या आज्ञावलीचे सर्वांत लहान रूप म्हणजे स्वतःवरच उडी घेणारी एकच आज्ञा. असा कंपायलर असता, तर त्याने दिलेले रूप पाहून कोणतीही आज्ञावली थांबेल की नाही हे सांगता आले असते. परंतु हे सर्वसाधारणपणे ठरवता येत नाही, हे ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये सिद्ध केले आहे. म्हणून प्रत्येक स्तर हा अंदाजांचा संच राहतो. त्याची योग्यता विशिष्ट आज्ञावली, विशिष्ट चिप व प्रत्यक्ष मोजमाप यांवरूनच ठरते.

हेही पाहा

• कंपायलर
• सी (प्रोग्रॅमिंग भाषा)
• सूक्ष्म नियंत्रक
• भारत स्टेज उत्सर्जन मानके
• पिंपरी-चिंचवड
• चाकण